ब्लँक रीडिंग

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता येहुदा पेझारकरांचा उजवा हात चादरीवरून उचलला गेला, कोपरात वाकला आणि बोटं हनुवटीपाशी येऊन थांबली. अतिदक्षता विभागातल्या चौतीस दिवसांत बेलानं पाहिलेली त्या शरीराची ही पहिलीच हालचाल. क्षणभरापूर्वी बेलानं त्याच हाताला स्वतःचा हात लावला होता आणि तिच्या दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर तिचा भाऊ आरोन हे सगळं बघत होता.

"बेला! बेला, पप्पांनी हातबोशी केली!"

हात जसा वर आला तसाच सावकाश खाली गेला आणि चादरीवर पालथा पडला.

"बघितलंस ना तू? सांग की, बघितलंस ना?"

"बघितलं, दादा."

हातबोशी म्हणजे त्यांच्या बेने इस्राएल घरांतला रामराम. प्रार्थना संपली की माणसं एकमेकांच्या हाताला हात लावतात आणि आपली बोटं आपल्या ओठांना टेकवतात. आधी वडीलधाऱ्यांशी, मग सगळ्यांशी. येहुदांनी हे ऐंशी वर्षं केलं होतं. पनवेलच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमेनासे झाले तेव्हासुद्धा, आलेल्या सहा-सात जणांशी ते न चुकता हातबोशी करूनच घरी यायचे. म्हणून पप्पा आयसीयूत गेल्यापासून आरोननं नियमच केला होता. तिकडे इस्राएलात, अश्दोदला, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा लागण्याच्या आत, इकडे बरोबर सहाच्या ठोक्याला, तो फोन करायचा. बेला त्याच्या वतीनं पप्पांच्या हाताला हात लावायची आणि आपली बोटं ओठांना टेकवायची. चार शुक्रवार पलीकडून काहीच आलं नव्हतं. आज पाचवा होता.

"मी सही करणार नाही," आरोन म्हणाला. तो रडत होता. "आता तर नाहीच. डॉक्टरला सांग, माझे वडील मला उत्तर देतायत."

सही कशावर, हे दोघांनाही पाठ होतं. तीन वर्षांपूर्वी येहुदांनी एक लिव्हिंग विल करून ठेवलं होतं. रसायनीच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रयोगशाळेत होते, आणि तो कागद त्यांनी प्रयोगशाळेच्या कागदासारखाच लिहिला होता. वर शीर्षक, मग उद्देश, व्याप्ती, पद्धत; लॅबमध्ये कामाच्या पायऱ्या ठरवून देणारी एसओपी असते तसा. शेजारच्या चारुदत्त दामल्यांना आणि खालच्या मजल्यावरच्या शार्दूलला साक्षीदार म्हणून घेऊन ते तहसील कचेरीजवळच्या नोटरीकडे गेले होते. बेलानं तेव्हा त्यांची चेष्टा केली होती.

"पप्पा, हे इच्छापत्र आहे की एसओपी?"

"डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला एसओपी लागत नाही," ते म्हणाले होते. "माणूस गोंधळतो ना, तेव्हा लागते. तुम्ही दोघं गोंधळणार आहात."

कलम चार असं होतं : बरं होण्याची वाजवी शक्यता नसेल, तर मला श्वासाची नळी व यंत्र लावू नये. लावलेलं असल्यास काढावं. निर्णयासाठी त्यांनी दोन्ही मुलांची नावं दिली होती, आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय काही करू नये असं लिहिलं होतं. सह्यांच्या जागीसुद्धा त्यांनी सवयीप्रमाणे दोन रकाने आखले होते. डावीकडे 'करणार – बेला', उजवीकडे 'तपासणार – आरोन'. एका माणसाच्या सहीनं त्यांच्या प्रयोगशाळेतून कधी कुठला रिपोर्ट बाहेर गेला नव्हता.

रुग्णालयातल्या तीन डॉक्टरांच्या मंडळानं बुधवारी मत दिलं. दुसऱ्या, बाहेरचा डॉक्टर असलेल्या मंडळानं गुरुवारी तेच दिलं. हृदय थांबलं तेव्हा मेंदूला फार वेळ प्राणवायू मिळाला नव्हता. हा माणूस शुद्धीवर येणार नाही आणि यंत्राशिवाय त्याचा श्वास पुरणार नाही. बेलानं डावीकडे सही केली. आरोननं गुरुवारी रात्रभर विचार करून, "रविवारी करतो," असं कळवलं होतं.

आणि आज हात वर आला होता.

डॉक्टर वल्लरी सबनीस पाच मिनिटांत आल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी येहुदांच्या कानाशी वाकून मोठ्यानं हाक मारली, हात दाबायला सांगितलं, डोळ्यांत बॅटरी मारली, नखावर पेन दाबून बघितलं. बोटं जराशी आखडली, एवढंच.

"रिफ्लेक्स असावा," त्या म्हणाल्या. "अशा पेशंटचे हात काहीतरी निमित्तानं असे वाकतात. पण तो हलला तेव्हा मी समोर नव्हते, त्यामुळे खात्रीनं बोलणार नाही."

फोनवरून आरोन म्हणाला, "त्या असंच म्हणणार. मंडळाचा निकाल त्यांनी आधीच देऊन ठेवलाय."

"दादा, त्या ऐकतायत."

"ऐकू देत."

डॉक्टर वल्लरींनी फोनकडे बघून मान हलवली. "तुमच्या जागी मी असते तर मीपण हेच म्हटलं असतं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

मग आरोनच्या घरी शब्बाथ लागला. म्हणजे आता शनिवार मावळेपर्यंत तो फोन उचलणार नव्हता. बेलाकडे हा हात घेऊन बसायला एक अख्खा दिवस होता.

*

ती नवीन पनवेलच्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. बावन्न वर्षांची, एकटी. वडिलांबरोबर राहायची. तिच्या बोलण्यात विशेषणं कमी असतात अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. त्या रात्री तिनं भात लावला, कुकरची तिसरी शिट्टी कधी झाली ते तिला कळलं नाही, आणि करपलेल्या भाताचा वास घरभर असताना तिला जे वाटत होतं ते तिनं स्वतःशी साध्या शब्दांत मांडून बघितलं. तो हात खरा असावा असं तिला वाटत होतं. पप्पा बरे होतील म्हणून नव्हे. ते होणार नाहीत हे तिला समजलं होतं. कारण वेगळं होतं, आणि ते तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

तेहतीस दिवसांपूर्वीची, म्हणजे पहिल्या दिवसाची गोष्ट. रविवारची सकाळ. पप्पा न्हाणीघरात पडले, शार्दूल वर धावत आला, सोसायटीत शिकवलं होतं तसं त्यानं रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांची छाती दाबली. आपत्कालीन विभागातला डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं धावपळीतसुद्धा थांबून तिला विचारलं होतं, "नळी टाकून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. टाकू ना?"

कागद घरी कपाटात, वरून दुसऱ्या खणात, निळ्या फायलीत होता. कलम चार तिला शब्द न् शब्द माहीत होतं.

"टाका," ती म्हणाली.

एक शब्द. आरोनला तिनं सांगितलं होतं की सगळं इतक्या घाईत झालं की कुणी विचारलंच नाही. आरोननं त्यावर विश्वास ठेवला. पुढे त्याच्या तिकडच्या धर्मगुरूंनी, रब्बींनी, त्याला जे सांगितलं, त्यात याच एका शब्दापाशी सगळं अडलेलं होतं. रब्बी म्हणाले होते, मरणाऱ्या माणसाला नवीन यंत्र लावलं नाही तर तो दोष नाही. पण लावलेलं, चालू असलेलं यंत्र काढणं म्हणजे हातानं आयुष्य तोडणं. तिनं त्या सकाळी 'नको' म्हटलं असतं, तर आरोनच्या धर्मात ते बसत होतं. आता बसत नव्हतं.

डॉक्टर वल्लरींचं म्हणणं याच्या अगदी उलट. "न लावणं आणि काढणं यात आम्ही फरक करत नाही," त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. "फरक केला तर लोक यंत्र लावायलाच घाबरतील. आणि एक स्पष्ट करते. मी इंजेक्शन देऊन कुणाला मारणार नाही. ते वेगळं, ते आपल्याकडे चालत नाही आणि मी करणारही नाही. मी यंत्र बाजूला करणार. पुढचं काम आजाराचं."

बेलाला ते वाक्य बरोबर वाटलं होतं. तरी यंत्र बाजूला करणारा एक हात असतोच, हेही तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

तो हात खरा असेल, तर तिचं 'टाका' बरोबर ठरत होतं. एवढंच.

*

शनिवारी सकाळी अकराला ती आयसीयूत गेली. चपला बदलल्या, गाऊन चढवला. पप्पांशेजारी रमामावशी होत्या. नेरे गावच्या. तिथल्या सगळ्या पेशंटना पुसायचं, कुशीवर वळवायचं, चादरी बदलायच्या, ही त्यांची कामं.

बेलानं पप्पांच्या हाताला हात लावला आणि बोटं ओठांना टेकवली. काही नाही. दोन मिनिटं थांबून पुन्हा केलं. काही नाही. तिसऱ्यांदाही नाही.

"काय वो मॅडम, कसला नमस्कार हा?" रमामावशींनी विचारलं.

"आमच्यात असतो. काल मी असं केलं तर त्यांनी हात उचलला."

"मग त्यात काय? हात तर उचलतातच ते."

बेलाचा हात तसाच राहिला. "कधी?"

"परवापासनं. आदी नाय उचलायचे. डावा हात सुजला ना, मंग शिस्टरनी पेशरचा पट्टा ह्या हाताला बांदला. पट्टा फुगला का हात वर जातो. मी पुसत हुते तवा माज्या तोंडाव आला की!" त्या हसल्या. "मी म्हनलं, बाबा, मारताव का काय!"

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"मला कोन इचारतंय?" रमामावशी म्हणाल्या, आणि त्यात तक्रार नव्हती.

बेलानं भिंतीवरचं घड्याळ बघितलं. अकरा सव्वीस. तिनं दोन्ही हात गाऊनच्या खिशात घातले आणि पलंगापासून एक पाऊल मागे सरली. साडेअकराला मॉनिटरमधून बारीक घरघर आली, पप्पांच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा फुगत गेला, आणि उजवा हात उचलला गेला. कोपरात वाकला. बोटं हनुवटीपाशी येऊन थांबली.

कुणीही त्याला हात लावलेला नव्हता.

पट्टा दर अर्ध्या तासानं फुगायचा. तासाला आणि साडेला. आरोन फोन करायचा सहाच्या ठोक्याला, कारण पप्पांनी लहानपणापासून दोघांना वेळ पाळायला शिकवलं होतं.

दुपारी ती घरी जाण्याऐवजी वडाळे तळ्याकाठी जाऊन बसली. तळ्यावर ऊन होतं, बाकावर कॉलेजची एक जोडी वडापाव खात होती. तिला आठवला तो पप्पांचा सगळ्यात आवडता धडा. ती बारावीत असताना त्यांनी तिला रविवारी आपल्या प्रयोगशाळेत नेलं होतं. टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबानं द्रावण घालून रंग बघायचा प्रयोग, करताना आधी नमुन्याशिवाय नुसत्या पाण्यावर तोच प्रयोग करून बघायचा. ते ब्लँक. नमुना घातलेला नसतानाही थोडा रंग येतो, थोडं रीडिंग येतं. ते किती, हे माहीत नसेल तर नमुन्याच्या रीडिंगला काही अर्थ नाही. "रंग आला की माणूस खूश होतो," पप्पा म्हणाले होते. "खूश झालास की थांब आणि ब्लँक लाव." ते तिच्याशी नेहमी 'झालास', 'आलास' असंच बोलायचे.

साडेअकराला जे तिनं बघितलं ते ब्लँक होतं. आता ते आरोनला सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न. सांगितलं नाही, तर आरोन सही करणार नाही, पप्पा यंत्रावर राहतील, पंधरा दिवसांत नाहीतर महिन्याभरात फुप्फुसात किंवा रक्तात जंतू जाऊन व्हायचं ते होईल, आणि कुणाच्याच हाताला दोष लागणार नाही. आरोनचं मन शांत राहील. तिचं 'टाका'सुद्धा झाकलं जाईल. या सगळ्याच्या बदल्यात फक्त पप्पांच्या पाठीवरची, पडून राहून झालेली जखम मोठी होत जाईल. ती तिनं मंगळवारी पाहिली होती. रमामावशींनी कुशीवर वळवलं तेव्हा.

बाकावरची मुलगी उठून गेली. बेला आणखी थोडा वेळ बसली, आणि मग डॉक्टर वल्लरींना फोन करून रविवारची वेळ मागितली.

*

रविवारी साडेपाचला आरोन पडद्यावर आला तेव्हा त्यानं तिकडे स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून ठेवला होता. मागे त्याची मुलगी नोगा भांडी आवरत होती.

"केली का त्यांनी पुन्हा हातबोशी?"

"दादा, मला एक प्रयोग करायचाय. तू करणार, मी नाही."

"कसला प्रयोग? बेला, ते पप्पा आहेत."

"म्हणूनच."

तिनं त्याला पट्ट्याचं सांगितलं. रमामावशींचं सांगितलं, साडेअकराचं सांगितलं. आरोन ऐकत गेला आणि त्याचा चेहरा लांब होत गेला.

"तुला ते खोटं ठरवायचंय," तो म्हणाला.

"मला ते खरं ठरायला हवं होतं. तुझ्यापेक्षा जास्त."

"का? तू तर सही करून मोकळी झालीस."

डॉक्टर वल्लरींनी पट्टा पप्पांच्या पिंढरीला बांधायला लावला होता. बेलानं फोन पलंगाच्या कठड्याला असा लावला की फक्त उजवा हात दिसावा. "तू म्हणशील तेव्हा मी हात लावीन. तुझ्या मनाला येईल तेव्हा म्हण. दहा वेळा. मध्ये पट्टा पायाला फुगेल, तोही बघ."

मग आरोन म्हणाला, "आता."

बेलानं हात लावला, बोटं ओठांना टेकवली. पप्पांचा हात पडून राहिला.

"आता."

नाही.

"थांब. मला बोलू दे आधी." आणि तो पप्पांशी बोलला, लहानपणी बोलायचा तसं. पेणच्या आजोळच्या घरातल्या विहिरीबद्दल काहीतरी, आईच्या पुरणपोळीबद्दल, आपल्या पाठदुखीबद्दल. "आता!"

नाही.

दहा वेळा झालं. सहा वाजता पिंढरीचा पट्टा फुगला. पायाचा अंगठा वर वळला, हात हलला नाही. मग रमामावशींनी पट्टा पुन्हा उजव्या दंडाला बांधला. बेला दोन पावलं मागे उभी राहिली, फोनमध्ये दिसेल अशी, हात पाठीमागे. डॉक्टर वल्लरींनी मॉनिटरवरचं बटण दाबलं. घरघर. हात वर आला, कोपरात वाकला, बोटं हनुवटीपाशी. पाच मिनिटं थांबून पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा हात वर येत असतानाच आरोन म्हणाला, "बस. सोडा त्यांना."

डॉक्टर बाहेर गेल्या. रमामावशींनी चादर सारखी केली आणि त्याही गेल्या.

"लहानपणी मला कंटाळा यायचा," आरोन म्हणाला. "तुम्ही दोघं ब्लँक ब्लँक करत बसायचात. मी क्रिकेट खेळायला जायचो."

"माहितेय."

"पण यानं काय सिद्ध झालं? हात पप्पांनी हलवला नाही, एवढंच. नळी काढायला मला परवानगी कुठे मिळाली त्यातून?"

"नाही मिळाली," बेला म्हणाली. "ते यातून कळणारच नाही."

"जीव आपला नसतो, बेला. तो ठेव म्हणून दिलेला असतो. पप्पांनी लिहिलं म्हणजे तो पप्पांचा झाला असं नाही."

"असंही म्हणता येईल की ज्याची ठेव आहे तो पाच आठवडे मागतोय आणि आपण यंत्रानं धरून ठेवलीय."

"येईल म्हणता. यावर हजार पानं लिहिलेली आहेत. गेला महिनाभर मी तेच वाचतोय." त्यानं चष्मा काढला. "नळी लावली नसती ना, तर काही प्रश्न नव्हता. घाईत लावून टाकली त्या लोकांनी."

बेलानं कठड्यावरचा फोन उचलून हातात घेतला, म्हणजे आता त्याला तिचा चेहरा दिसणार होता.

"त्यांनी विचारलं होतं, दादा."

"कोणी?"

"त्या दिवशीच्या डॉक्टरनं. नळी टाकू का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. कागदात काय लिहिलंय ते मला माहीत होतं, तरी म्हटलं. तुला सांगितलं ते खोटं होतं."

पलीकडे नोगाच्या हातातली भांडी थांबली. तिला मराठी बोलता येत नव्हतं, पण समजायचं.

"पाच आठवडे," आरोन म्हणाला. "पाच आठवडे तू मला इकडच्या रब्बींकडे पाठवतेस, मी लोकांशी भांडतो, आणि..."

"हो."

"का म्हटलंस हो?"

"ते समोर होते. गळ्यात त्यांचं लॉकेट होतं, शर्टाचं बटण तुटलेलं होतं. मला नको म्हणता आलं नाही. पप्पा म्हणाले होते गोंधळणार. मी गोंधळले. पद्धत सोडली."

आरोन शिवी देईल असं तिला वाटलं. त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"मीपण हो म्हटलं असतं," तो म्हणाला. "मी तर ओरडून म्हटलं असतं." मग म्हणाला, "तो कागद वाच. कलम चार."

तिनं वाचलं. 'लावलेलं असल्यास काढावं' पर्यंत.

"म्हणजे म्हाताऱ्याला माहीत होतं, तू लावणार."

"एकटी मी नाही, आपण दोघं गोंधळणार म्हणून लिहिलंय, दादा."

"हं." तो किंचित हसला, आणि ते हसू लगेच गेलं. "तपासणाऱ्यानं काय करायचं असतं गं? त्यांच्या लॅबमध्ये."

"केलेलं काम पद्धतीप्रमाणे आहे का, एवढं बघायचं. निकाल आवडला का, ते कुणी विचारत नाही त्याला."

"सोपं आहे म्हणजे."

"सोपं नाही. पप्पांनी एकदा मॅनेजरच्या आवडीच्या मालावर नापासाचा लाल शिक्का मारला होता, तर सहा महिने रात्रपाळी लागली होती त्यांना."

"ते आठवतंय मला. आई किती चिडली होती."

त्यानं फोन बंद केला. अर्ध्या तासानं स्कॅन केलेला कागद आला. उजव्या रकान्यात त्याची सही होती, आणि सहीखाली, जागा पुरत नसल्यानं बारीक अक्षरात, त्यानं लिहिलं होतं : तपासलं. पप्पांनी लिहिलं ते हेच आहे. ते योग्य आहे असं मी म्हणत नाही. शुक्रवारी-शनिवारी करू नये.

डॉक्टर वल्लरींनी ते दोनदा वाचलं. "अशी सही पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या.

"चालेल का?"

"सही सही आहे. खालचं मीही कधी कधी लिहिलं असतं." आणि कागद फायलीला लावला.

*

बुधवारी सकाळी दहाला झालं. कायद्याप्रमाणे दंडाधिकाऱ्यांना कळवून झालं होतं. पप्पांना आयसीयूतून शेवटच्या वेगळ्या खोलीत हलवलं. खिडकीतून हायवेवरचे कंटेनर दिसत होते. डॉक्टर वल्लरींनी आधी श्वास लागू नये म्हणून औषध दिलं, आणि काय देतेय, किती देतेय, ते बेलाला सांगूनच दिलं. रमामावशींनी एकेक वायर सोडवली. सगळ्यात शेवटी उजव्या दंडावरचा पट्टा सोडला, त्याखालची लाल झालेली कातडी अंगठ्यानं चोळली.

"आता कशाला पेशर," त्या म्हणाल्या.

आरोन फोनवर होता. त्यानं डोक्यावर टोपी घातली होती. यंत्र बाजूला झाल्यावर त्यानं शेमा, शेवटच्या वेळी म्हणायची प्रार्थना, म्हटली. मधे त्याचा आवाज गेला तेव्हा बेलानं पुढचे शब्द म्हटले, आणि तो परत येऊन मिळाला. पप्पा एक तास वीस मिनिटं आपल्याआपण श्वास घेत होते. श्वास उथळ होत गेले, त्यांतलं अंतर वाढत गेलं. बेला अंतर मोजत होती. मोजायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, तरी.

एकदा तिनं पप्पांच्या हाताला हात लावला. हात गरम होता आणि जिथे होता तिथेच राहिला. तिनं आपली बोटं ओठांना टेकवली. फोनमध्ये आरोननंही टेकवली.

अकरा वाजून बावीस मिनिटांनी डॉक्टर वल्लरींनी स्टेथोस्कोप कानातून काढला आणि वेळ लिहिली. मग पेन बेलापुढे धरलं. मृत्यूच्या फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी होती. एकच रकाना होता. बेलानं सही केली, आणि फोन कागदावर धरून आरोनला ती वेळ वाचू दिली.

"बरोबर आहे," आरोन म्हणाला.